हात्शेपसूतची पाच नावे

अकरा वर्षांपूर्वी एका छोट्या दिवाळी अंकात मी इजिप्तच्या हात्शेपसूत या राज्यकर्तीवर चार पानांचा लेख लिहिला होता. सावत्र मुलाची गादी बळकावणारी महत्त्वाकांक्षी स्त्री, वर्षानुवर्षे मनात राग धरून बसलेला सावत्र मुलगा, आणि तिचे डोळे मिटताच देवळांच्या भिंतींवरून तिचे नाव छिन्नीने उडवणारी त्याची माणसे, अशी ती गोष्ट मी रंगवून सांगितली होती. अंक निघाल्यावर महिन्याभराने एका निवृत्त शिक्षिकाबाईंचे पोस्टकार्ड आले. कौतुकाच्या एका ओळीनंतर त्यांनी दोन प्रश्न विचारले होते. नाव खोडले ते नेमके कधी? आणि खोडलेले नाव आज तुम्हांला वाचता आले ते कसे?

दोन्ही प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी नव्हती. मी विद्यापीठातला माणूस नाही. एका सहकारी बँकेत हिशेब तपासणीचे काम करत आलो. वहीत खाडाखोड दिसली की ती कोणी केली याच्याआधी ती कधी झाली हे आम्ही पाहतो, कारण तारीख कळली की निम्मा उलगडा तिथेच होतो. रोज जे करत होतो, ते मी लेख लिहिताना केले नव्हते, याची मला लाज वाटली. त्यानंतर पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात सर अॅलन गार्डिनर यांच्या प्राचीन इजिप्शियन व्याकरणाची प्रत मिळाली. दुरेघी वहीत चित्राक्षरे गिरवत मी ती भाषा जमेल तेवढी शिकलो. या लेखात त्या दोन प्रश्नांची उत्तरे देण्याचा प्रयत्न आहे. उत्तरांची वाट हात्शेपसूतच्या नावांमधूनच जाते.

नाते आणि कालगणना

आधी घराणे पाहू. अठराव्या राजवंशातला पहिला थुटमोस आणि त्याची पट्टराणी अहमोस यांची मुलगी हात्शेपसूत. तिचे लग्न तिच्या सावत्र भावाशी, म्हणजे दुसऱ्या थुटमोसशी झाले. राजघराण्यात असे विवाह तिथे रूढ होते. या दोघांना नेफेरूरे नावाची मुलगी झाली. मुलगा झाला तो इसेत नावाच्या दुसऱ्या, कमी दर्जाच्या पत्नीला. तोच तिसरा थुटमोस. म्हणजे हात्शेपसूत ही त्याची सावत्र आई, आणि बापाच्या नात्याने आत्याही.

इ.स.पू. १४७९ च्या सुमारास दुसरा थुटमोस वारला तेव्हा हा मुलगा लहान होता. गादीवर तो बसला आणि कारभार हात्शेपसूतने हाती घेतला. त्या काळचा एक मोठा अधिकारी इनेनी याने आपल्या थडग्यातल्या लेखात हे स्वच्छ नोंदवले आहे: राजा मुलगा झाला, पण देशाचा व्यवहार 'देवाची पत्नी' हात्शेपसूत पाहत होती. 'देवाची पत्नी' हे अमून देवाच्या उपासनेतले राजस्त्रियांचे मानाचे पद होते.

इथपर्यंत विशेष काही नाही. अज्ञान राजाच्या वतीने आईने राज्य सांभाळण्याची उदाहरणे इजिप्तमध्ये आधीही होती. वेगळे घडले ते पुढे. काही वर्षांतच हात्शेपसूत स्वतः राजा झाली, आणि मुलाला पदच्युत न करता झाली. एका वेळी दोन राजे असे राज्य चालू झाले. वर्षांची मोजणी मात्र एकच राहिली, तिसऱ्या थुटमोसच्या राज्यारोहणापासूनची. म्हणून तिच्या शिलालेखांत 'वर्ष ९' असे लिहिलेले दिसते, ते तिच्या राज्याभिषेकापासूनचे नववे वर्ष नसते.

ती राजा कधी झाली याचा एक उत्तम पुरावा मातीच्या रांजणांवर सापडला. तिचा विश्वासू अधिकारी सेनेनमूत याच्या आईवडिलांचे थडगे १९३५-३६ च्या हंगामात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या पथकाला मिळाले. आतल्या एका रांजणावर 'वर्ष ७' अशी नोंद होती. दुसऱ्या एकावर 'देवाची पत्नी हात्शेपसूत' असा शिक्का होता, आणि आणखी दोनांवर 'सुंदर देवी माअतकारे' असा. 'सुंदर देव' हे राजाचे बिरुद. माअतकारे हे तिचे राजा म्हणून घेतलेले नाव. एकाच बंद थडग्यात जुना आणि नवा असे दोन्ही शिक्के मिळाले. म्हणजे सातव्या वर्षापर्यंत बदल होऊन गेला होता.

पाच नावांची चौकट

इजिप्तच्या राजाला पाच नावे असत. पाचवे जन्माचे, बाकीची चार राज्यारोहणाच्या वेळी घेतलेली. आपल्याकडच्या बिरुदावलीसारखी ही नुसती स्तुती नसे. प्रत्येक नाव राजाचे एकेका देवतेशी किंवा प्रदेशाशी असलेले नाते सांगे.

पहिले होरस-नाव. राजवाड्याच्या दर्शनी भिंतीचे चित्र असलेल्या चौकोनात ते लिहीत आणि वर होरस देवाचा ससाणा बसवत. हात्शेपसूतचे हे नाव 'उसेरेत-काऊ', म्हणजे 'जिच्या प्राणशक्ती बलवान आहेत अशी'. दुसरे 'दोन स्वामिनीं'चे नाव. दक्षिणेची गिधाडरूपी नेखबेत आणि उत्तरेची नागरूपी वाजेत या त्या दोन स्वामिनी. इथे ती 'वाजेत-रेनपूत' झाली, म्हणजे 'वर्षांनी बहरलेली'. 'वाजेत' या शब्दाचा अर्थ 'हिरवी, टवटवीत' असा, आणि नागदेवतेचे नावही तेच. नाव ठरवणाऱ्याने हा श्लेष मुद्दाम साधला असणार. तिसरे सुवर्ण-होरस नाव 'नेचेरेत-खाऊ', 'जिचे दर्शन दिव्य आहे अशी'.

चौथे आणि पाचवे ही दोन नावे लंबगोल चौकटीत लिहीत. या चौकटीला कार्तूश म्हणतात. चौथ्या नावाआधी लव्हाळा आणि मधमाशी ही चिन्हे येतात. त्यांचा अर्थ दक्षिण आणि उत्तर इजिप्तचा राजा. हे सिंहासन-नाव म्हणजेच माअतकारे, 'माअत ही रा देवाची प्राणशक्ती आहे'. माअत म्हणजे सत्य, न्याय आणि जगाची घडी, आणि त्यांची देवता. पाचवे नाव जन्माचे: हात्शेपसूत, 'कुलीन स्त्रियांत अग्रणी'. राजा झाल्यावर त्याला 'खनेमेत-अमून', म्हणजे 'अमूनशी एकरूप झालेली', हे शब्द जोडले गेले.

एक अर्धगोल चिन्ह

वर मी अर्थ देताना 'अशी', 'बहरलेली', 'झालेली' असे स्त्रीलिंगी शब्द वापरले आहेत. मुळातच तसे आहे. प्राचीन इजिप्शियन भाषेत दोन लिंगे होती आणि स्त्रीलिंगी शब्दाच्या शेवटी 'त' येई. 'नेचेर' म्हणजे देव, 'नेचेरेत' म्हणजे देवी. 'सा' म्हणजे मुलगा, 'सात' म्हणजे मुलगी. हा 'त' लिहिण्याचे चिन्ह म्हणजे पावाचा छोटा अर्धगोल गोळा. पाचव्या नावाआधी प्रत्येक राजाला 'रा देवाचा पुत्र' म्हणत. त्यासाठी एक बदक आणि एक सूर्यबिंब काढत. हात्शेपसूतच्या लेखांत बदकाशेजारी हा अर्धगोल येतो, आणि ती 'रा देवाची कन्या' होते.

मराठी वाचकाला हे लगेच कळावे. आपल्याकडे क्रियापद आणि विशेषणही लिंगाप्रमाणे बदलते. 'राजा आली आणि तिने देवाला नैवेद्य दाखवला' असे वाक्य कोणी लिहिले तर आपण पहिल्याच शब्दांना थबकू. हात्शेपसूतचे लेख वाचताना असेच होते. पद राजाचे, त्याला स्त्रीलिंगी रूप नाही. मात्र सर्वनाम 'तिचे', विशेषण 'दिव्य अशी', बिरुद 'दोन्ही देशांची स्वामिनी'. काही ठिकाणी पुल्लिंगी रूपेही मिसळलेली आहेत.

लोकप्रिय पुस्तकांत तिने 'पुरुषाचे सोंग घेतले' असे असते. मीही तेच लिहिले होते. मूर्तींपुरते ते निम्मे खरे. सुरुवातीच्या काही मूर्तींत स्त्रीचे शरीर, स्त्रीचा वेश आणि डोक्यावर राजाचे शिरोवस्त्र आहे. पुढे रुंद छाती, आखूड वस्त्र आणि राजाची कृत्रिम दाढी आली. राजाची मूर्ती कशी घडवायची याचा हजार वर्षांहून जुना संकेत होता आणि ती त्यात बसवली गेली. पण त्याच मूर्तींच्या बैठकीवर 'रा देवाची कन्या' असे कोरलेले असते. ती स्त्री आहे हे तिने कोणापासूनही लपवले नव्हते. थेबेसजवळच्या देर अल-बहरी इथल्या तिच्या देवळात एका भिंतीवर तिच्या जन्माची कथा कोरली आहे. अमून देव पहिल्या थुटमोसच्या रूपात राणी अहमोसकडे येतो आणि राणीच्या तोंडून निघालेल्या शब्दांवरूनच मुलीचे नाव ठेवतो. कथेत देवाला होणारी मुलगी हीच राजा होणार आहे.

शाम्पोलियोंचे आश्चर्य

आता दुसरा प्रश्न आधी घेतो: खोडलेले नाव वाचले कसे?

चित्रलिपीचा उलगडा करणारे फ्रेंच विद्वान शाम्पोलियों १८२९ मध्ये देर अल-बहरीला पोहोचले. तिथे दाढीधारी राजाच्या आकृतीशेजारचा मजकूर वाचताना ते चक्रावले. नामे आणि क्रियापदे स्त्रीलिंगी होती, जणू मजकूर एखाद्या राणीचा. त्यांनी त्या राजाचे नाव 'अमेनेन्थे' असे वाचले आणि तो एखाद्या राणीचा पती असावा अशी जुळवाजुळव केली. ती चुकली. पण व्याकरणात काहीतरी खटकते आहे, ही त्यांची नोंद अचूक होती.

नाव खोडणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी चौकटीतली अक्षरे काढून तिथे तिच्या बापाचे किंवा नवऱ्याचे, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या थुटमोसचे नाव कोरले. पण आजूबाजूच्या लांबलचक मजकुरातले सगळे अर्धगोल आणि सगळी सर्वनामे बदलणे हे कंटाळवाणे काम होते. बरीच तशीच राहिली. परिणामी आज भिंतीवर दुसऱ्या थुटमोसचे नाव दिसते आणि पुढे 'तिचा पिता अमून' असे येते. ज्या जागी नाव पुरुषाचे आणि व्याकरण स्त्रीचे, त्या जागी मूळ नाव कोणाचे होते हे सांगायला आणखी पुरावा लागत नाही.

तरी विद्वानही यात अडकले. जर्मन पंडित कुर्ट झेटे यांनी १८९६ मध्ये मांडले की ज्याचे नाव वर कोरले त्यानेच खालचे खोडले असणार. या न्यायाने पहिला आणि दुसरा थुटमोस मध्येच पुन्हा गादीवर आले, गेले, अशी उलथापालथीची लांबलचक साखळी तयार झाली. देर अल-बहरीचे उत्खनन करणारे एदुआर नाव्हिल यांना ती मान्य नव्हती. वाद तीस-पस्तीस वर्षे चालला. १९३३ मध्ये विल्यम एजर्टन यांनी भिंतींवरचे छिन्नीचे घाव पुन्हा तपासून दाखवले की ही सगळी खाडाखोड तिसऱ्या थुटमोसच्या हुकमाने झाली. वर कोरलेली नावे मृत पूर्वजांची होती. झेटे यांची साखळी कोसळली.

नाव खोडले कधी

आता पहिला प्रश्न. हात्शेपसूतची राजवट संपल्याची तारीख आपल्याला जवळजवळ दिवसापर्यंत माहीत आहे. अर्मंत इथल्या शिलालेखात तिसऱ्या थुटमोसच्या एकट्याच्या पराक्रमांची सुरुवात वर्ष २२, पेरेत ऋतूचा दुसरा महिना, दिवस १० अशी दिली आहे. तिचा मृत्यू त्या सुमाराचा मानतात. इजिप्तचे वर्ष चार-चार महिन्यांच्या तीन ऋतूंचे: पुराचा आखेत, पेरणी-वाढीचा पेरेत आणि सुगीचा शेमू. प्रत्येक महिना ३० दिवसांचा, आणि वर्षाअखेर पाच जादा दिवस. तिसऱ्या थुटमोसचे राज्यारोहण शेमूच्या पहिल्या महिन्याच्या चौथ्या दिवशी झाले. तिथून बोटे मोजली तर एकवीस वर्षे, नऊ महिने आणि वर थोडे दिवस होतात. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला इजिप्तचा पुरोहित मनेथो याची राजांची यादी इतिहासकार जोसेफसने उतरवून ठेवली आहे. तीत अमेसिस नावाच्या राणीपुढे २१ वर्षे ९ महिने असाच आकडा आहे. ही राणी म्हणजे हात्शेपसूत असे मानतात. बँकेतल्या माणसाला असा ताळा जुळला की फार समाधान होते.

म्हणजे ती वर्ष २२ मध्ये गेली. खाडाखोड लगेच झाली का? कर्नाकच्या लाल दगडाच्या देवघराने याचे उत्तर दिले. अमूनची नौका ठेवण्यासाठी हात्शेपसूतने ते बांधायला घेतले होते. त्यावर ती आणि तिसरा थुटमोस एकामागे एक, सारख्याच वेशात कोरले आहेत. कोण कोणता हे चौकटीतल्या नावावरूनच कळते. तिच्या मृत्यूनंतर वरचे थर तिसऱ्या थुटमोसने स्वतःच्या नावाने पूर्ण केले. तेव्हा खालच्या थरांवरच्या तिच्या नावाला त्याने हात लावला नाही. पुढे त्याने ते देवघर उतरवून दुसरे बांधले. सुट्या दगडांवरची खाडाखोड मोठी बोलकी आहे. काही दगडांवर नाव उडवलेले, शेजारच्याच दगडांवर शाबूत. दगड रचून ठेवलेले असताना ज्या बाजू समोर होत्या तेवढ्याच कारागिरांच्या हाती लागल्या, असे यावरून दिसते.

कर्नाकच्या बांधकामांचा असा क्रम लावून चार्ल्स निम्स यांनी १९६६ मध्ये दाखवले की नाव खोडण्याची मोहीम साधारण वर्ष ४२ च्या आधी सुरू झालीच नव्हती. म्हणजे तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षे तिचे नाव भिंतींवर निर्वेध होते. तिसऱ्या थुटमोसने एकूण जवळजवळ ५४ वर्षे राज्य केले. सूडाने पेटलेला माणूस सगळी सत्ता हाती असताना वीस वर्षे थांबत नाही. माझ्या गोष्टीचा कणा इथे मोडला.

कोणते नाव खोडले

मग कारण काय? अभ्यासकांचे पूर्ण एकमत नाही. पण काय खोडले आणि काय ठेवले, हे पाहिले तर दिशा मिळते. राजा म्हणून घेतलेली नावे आणि राजाच्या वेशातल्या आकृती यांवर घाव आहेत. दुसऱ्या थुटमोसची राणी आणि 'देवाची पत्नी' म्हणून असलेले तिचे उल्लेख मात्र सहसा अबाधित आहेत. इजिप्शियन समजुतीत नाव हा माणसाचा एक भागच. ते जगातून पुसले गेले तर परलोकातले अस्तित्वही धोक्यात येते. तिला समूळ संपवायचे असते तर राणीपदाचे उल्लेखही राहिले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे केवळ स्त्री राजा नको म्हणून हे झाले, असेही सरसकट म्हणता येत नाही. तिच्या सुमारे तीनशे वर्षे आधी बाराव्या राजवंशाच्या शेवटी सोबेकनेफेरू नावाची स्त्री राजा झाली होती. तिसऱ्या थुटमोसने कर्नाकमध्ये पूर्वजांची यादी कोरून घेतली. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तीत सोबेकनेफेरूचे नाव आहे. ज्याने हात्शेपसूतचे नाव काढले त्यानेच दुसऱ्या स्त्री राजाचे नाव मानाने ठेवले. फरक हा की सोबेकनेफेरू घराण्यातली शेवटची होती. हात्शेपसूत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या थुटमोसच्या सरळ ओळीत मध्येच उभी होती. वर्ष ४२ च्या सुमाराला राजा उतारवयाकडे झुकला होता आणि आपला मुलगा दुसरा अमेनहोतेप याला गादी निर्वेध मिळावी ही चिंता त्याला होती. बापाकडून मुलाकडे अशी ओळ कागदोपत्री साफ दिसावी, यासाठी मधली नोंद काढली, हे आज अनेकांना पटणारे कारण आहे. मलाही तेच पटते.

मूर्तींबद्दलही मत बदलते आहे. देर अल-बहरीच्या आवारातल्या खड्ड्यांतून १९२० च्या दशकात हर्बर्ट विनलॉक यांच्या पथकाने तिच्या मूर्तींचे असंख्य तुकडे काढले आणि जोडले. हे संतापाचे घाव, असेच सगळे समजत होते. टोरंटो विद्यापीठातले जुन यी वाँग यांनी उत्खननाची जुनी टिपणे आणि छायाचित्रे पुन्हा तपासली. २०२५ मध्ये त्यांनी मांडले की बऱ्याच मूर्ती मान, कंबर आणि गुडघे अशा ठरावीक जागी तोडल्या आहेत. मूर्तीतली शक्ती काढून घेण्याची इजिप्तमध्ये ही रीतच होती, आणि इतर राजांच्या मूर्तींनाही ती लावली गेली.

पुढच्या पिढ्यांनी मात्र ती नोंद खरोखरच गमावली. अबिडोस इथल्या सेती राजाच्या यादीत दुसऱ्या थुटमोसनंतर लगेच तिसरा येतो. तिथे मोजणाऱ्याला काही चुकल्याची शंकाही येणार नाही. कर्नाकमध्ये तिचा जवळजवळ तीस मीटर उंचीचा एकसंध ग्रॅनाइटचा स्तंभ अजून उभा आहे. आपली कामे पुढच्या काळात पाहणारे काय म्हणतील, या विचाराने मन अस्वस्थ होते, असा आशय तिने त्याच्या पायथ्याशी कोरवला आहे. तिच्या आज्ञेवरून तो दगड खाणीतून काढायला सात महिने लागले, हेही तिथेच लिहिले आहे.

त्या शिक्षिकाबाईंना मी तेव्हा उत्तर पाठवले होते, ते असे: माहीत नाही, शोधतो. त्यांचे पोस्टकार्ड माझ्या व्याकरणाच्या पुस्तकात अजून आहे. बाई, उत्तरे ही अशी आहेत. नाव तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी खोडले. ते वाचता आले, कारण खोडणाऱ्यांनी नावे बदलली पण 'तिचा' या शब्दाला बऱ्याच ठिकाणी हात लावला नाही. अकरा वर्षांपूर्वीच्या माझ्या लेखातली सूडाची गोष्ट चुकीची होती, आणि ज्यांनी ती वाचली असेल त्यांनी कृपया दुरुस्त करून घ्यावी.